आपलें घराणें कोठून आलें ?

आगगाडींत दोन अनोळखी माणसें शेजारीं बसलीं, कीं "आपलें गांव कोणतें ?" हा प्रश्न लवकरच निघतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत तर त्यास विशेष अर्थ आहे. कारण येथील पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव दुसरीकडे आहे. कोणी कोंकणांतून, कोणी घाटावरून, कोणी परप्रांतांतून पोटापाण्यासाठीं आले आणि येथलेच झाले. आमच्या विद्यार्थ्यांस आजोबांचें गांव ठाऊक असतें. परंतु पणजोबांचें नांव विचारलें, तर बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. मग त्यांच्याही मागील पिढ्यांचा माग कसा काढावा ? त्याचीं साधनें कोणतीं, त्यांवर विश्वास किती ठेवावा, आणि या शोधाचा उपयोग तरी काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं ठाण्यांतील एका जुन्या व लहानशा समाजाचें, म्हणजे बेने इस्राएल लोकांचें, उदाहरण घेऊं.

ठाण्यांत इ. स. १८७९ मध्यें बांधलेलें 'शार हशमाईम', म्हणजे 'स्वर्गाचें द्वार', या नांवाचें यहुदी सभास्थान आहे. तेथें प्रार्थना होते इब्री भाषेंत. परंतु हा समाज घरीं पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आला. हे लोक कोठून आले ? त्यांच्यांतील परंपरा अशी आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें नवगांवासच पुरलीं. जवळचीं धर्मपुस्तकें समुद्रानें नेलीं; तरी सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' नांवाची प्रार्थना एवढें त्यांनीं सोडलें नाहीं. कुलाबा जिल्ह्यांतील गांवोगांवीं पांगून त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले.

हें सर्व केव्हां घडलें ? याच समाजांतील विद्वान हैम शमुवेल किहीमकर यांनीं आपल्या लोकांचा मोठा इतिहास इंग्रजींत इ. स. १८९७ मध्यें लिहून पुरा केला. तो त्यांच्या पश्चात् इ. स. १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला. त्यांनीं हें आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील मानिलें. इतर विद्वानांनीं तें पुष्कळ अलीकडचें मानिलें आहे. कागदोपत्रीं पाहूं गेल्यास मद्रासकडील मिशनरी सार्टोरियस यांच्या १७३८ सालच्या पत्रांत बेने इस्राएल लोकांचा उल्लेख सांपडतो. परंपरा आणि कागद यांमध्यें असें शतकांचें अंतर आहे. आपल्या घराण्याचा शोध करणाऱ्यानें यावरून पहिला धडा घ्यावा. वडील माणसांनीं सांगितलेल्या गोष्टीस हसूं नये, आणि तिला दस्तऐवजही समजूं नये. कोणी सांगितली, केव्हां सांगितली, त्यांनीं कोणाकडून ऐकिली, हें सर्व त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावें.

दुसरें साधन आडनांव. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगांवचे ते नवगांवकर. बेने इस्राएलांचीं अशीं शंभराहून अधिक आडनांवें आहेत आणि तीं जुळवून पाहिलीं म्हणजे हा समाज कोंकणांत कोठकोठें वसला होता, याचा जणूं नकाशाच तयार होतो. दूरच्या नॉर्वे देशांतही हाच प्रकार होता, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. इ. स. १८२५ मध्यें 'रेस्टोरेशन' नांवाचें एक लहान गलबत स्टाव्हांगर बंदरांतून अमेरिकेस निघालें. तेथपासून पुढील शंभर वर्षांत सुमारें आठ लाख नॉर्वेकर अमेरिकेस गेले. त्यांच्या देशीं स्वतःचें नांव, मग बापाचें नांव, आणि मग ज्या शेतवाडीवर राहावयाचें तिचें नांव लावण्याची चाल होती. अमेरिकेंत गेल्यावर पुष्कळांनीं त्या वाडीचें नांव कायमचें आडनांव केलें. आज त्यांचे नातू-पणतू त्या नांवाच्या आधारें नॉर्वेंतील नेमकी वाडी हुडकून काढतात व तेथील चर्चच्या नोंदवहींत पूर्वजांचा बाप्तिस्मा शोधतात.

परंतु आडनांव फसवितेंही. नॉर्वेंत मनुष्य वाडी बदलून गेला कीं नांवही बदलत असे. म्हणून सख्ख्या भावांचीं आडनांवें निराळीं आढळतात. आपल्याकडे पेणकर हिंदूही असतो, मुसलमानही असतो व यहुदीही असतो. गांव एक म्हणून रक्त एक, असें होत नाहीं. वसई-साष्टी भागांतील कॅथॉलिक कुटुंबांचीं पोर्तुगीज आडनांवें बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालेलीं आहेत. त्यांवरून पूर्वज पोर्तुगालहून आले असें अनुमान काढणें चुकीचें होईल. शिवाय एकाच मनुष्याचीं दोन नांवें असूं शकतात. मुंबईचें पहिलें यहुदी सभास्थान इ. स. १७९६ मध्यें बांधणारे कंपनी सरकारच्या पलटणींतील अंमलदार शमुवेल यहेज्केल दिवेकर हे मराठी लोकांत 'सामाजी हसाजी' म्हणून प्रसिद्ध होते. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो एकाच पुरुषास दोन पुरुष समजेल.

तिसरें साधन म्हणजे दगड आणि कागद. बेने इस्राएलांच्या थडग्यांवर इब्री व मराठी असे दोन्ही लेख आढळतात. इब्री सन जगाच्या उत्पत्तीपासून मोजतात. त्यांतून ३७६० वजा केले कीं इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक पडतो इतकेंच. पुष्कळदां हजाराचा आंकडा गाळलेला असतो. म्हणजे दगडावर ६३९ असें वाचलें, तर तें ५६३९ समजावें. त्याचा इसवी सन १८७८-७९ झाला. त्याचप्रमाणें जुन्या मराठी कागदांवर शक असतो; त्यांत ७८ मिळविले कीं साधारणपणें इसवी सन निघतो. हें साधें गणित ज्यास येतें, त्यास पुष्कळ जुने लेख बोलूं लागतात.

हिंदु कुटुंबांस नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजांचीं नांवें पिढीवार सांपडतात. ख्रिस्ती कुटुंबांस चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या उपयोगीं पडतात. शेतजमीन असलेल्यांनीं सातबाराचा उतारा व जुने फेरफार पाहावे. खातेदार मेल्यावर वारस म्हणून कोण लागले, हें त्यांत असतें. आणि शाळेचें जनरल रजिस्टर विसरूं नये. मुलाचें पूर्ण नांव, जन्मतारीख, जन्मस्थान व पूर्वीची शाळा त्यांत लिहिलेली असते. पुष्कळ कुटुंबांत पणजोबांच्या हयातीचा सर्वांत जुना लेखी पुरावा अशा रजिस्टरांतील एक ओळ हाच असतो.

कुटुंबें गांव सोडून शहरांत कां आलीं, हेंही विचारावें. कारण त्यावरून पुढील शोधाची दिशा ठरते. बेने इस्राएल मुंबईस आले ते लष्करांत व कारागिरीच्या कामांवर. मिशनच्या शाळांत त्यांचीं मुलें शिकलीं. डॉ. जॉन विल्सन यांनीं इ. स. १८३२ मध्यें मराठींत इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें, तें मुख्यतः याच लोकांच्या उपयोगासाठीं. पुढें इ. स. १८५३ मध्यें आगगाडी मुंबईहून ठाण्यास आणि पुढल्या वर्षीं कल्याणास आली. रेल्वेच्या, टपालाच्या व सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्या निघाल्या. ज्याचे पूर्वज अशा नोकरींत होते, त्यानें घरांतील जुनीं नेमणूकपत्रें व पेन्शनचे कागद रद्दींत घालूं नयेत.

आतां कोणी म्हणेल, हा सर्व खटाटोप कशासाठीं ? याचें उत्तर याच समाजाच्या पुढील इतिहासांत आहे. इ. स. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल कुटुंबें हजारोंनीं तिकडे गेलीं. परंतु १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मगुरूंच्या मंडळानें असा नियम केला कीं, या लोकांपैकीं कोणी इतर यहुद्यांशीं विवाह करूं लागल्यास त्याची वंशावळ जितकी मागें नेतां येईल तितकी तपासावी. ज्यांचीं पुस्तकें समुद्रानें नेलीं अशी कथा, ज्यांच्या आज्या-पणज्या कुलाब्याच्या खेड्यांत कागदावांचून जगल्या व मेल्या, त्यांनीं पुरावा आणावा कोठून ? त्यांनीं निषेध केला, यरुशलेमांत धरणें धरलें, आणि इ. स. १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें हे लोक सर्व प्रकारें यहुदीच होत, असा निर्वाळा दिला. पुढें इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका रक्तपरंपरेच्या अभ्यासांत त्यांच्या ठायीं पश्चिम आशियांतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला. परंतु शास्त्र समाजाचें मूळ सांगतें. पणजीचें नांव तें सांगूं शकत नाहीं.

पवित्र शास्त्रांतील एज्राच्या पुस्तकांत अशीच गोष्ट आहे. बाबेलहून परतलेल्यांपैकीं कांहीं याजक कुटुंबांनीं वंशावळींत आपलीं नांवें शोधलीं, तीं सांपडलीं नाहींत, आणि त्यांस याजकपणांतून दूर ठेविलें. उलट मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत प्रभूच्या वंशावळींत राहाब व रूथ या परक्या स्त्रियांचींही नांवें आदरानें घातलीं आहेत. वंशावळीनें दार लावितां येतें आणि उघडितांही येतें, हें या दोन स्थळांवरून दिसतें. आपण शोध करावा तो दुसऱ्यास हीन लेखण्यासाठीं नव्हे. ज्यांनीं गांव सोडलें, उपास काढले, मुलांस शाळेंत घातलें, त्यांचीं नांवें कृतज्ञतेनें उच्चारतां यावींत, यासाठीं करावा.

इ. स. २०११ च्या खानेसुमारींत भारतांतील यहुद्यांची संख्या पांच हजारांच्याही आंत भरली. जे इस्राएलांत गेले, त्यांनीं तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक काढिलें. भाषा त्यांनीं जपली ती जाणून-बुजून. आपलीं घराणीं संख्येनें मोठीं असतील, पण आठवण तीन पिढ्यांपलीकडे आपोआप टिकत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टींत एक कोरी वही घ्या व आजीजवळ बसा. तिच्या आईचें नांव, माहेरचें गांव, लग्नाचें साल आणि शहरांत आल्यावर राहिलेली पहिली खोली, इतकें विचारा. पुरुषांचीं नांवें कागदावर कोठें तरी सांपडतील. स्त्रियांचीं बहुधा आजीच्या मुखांतच आहेत. पालकांसही विनंति आहे कीं, मुलें हें विचारूं लागलीं म्हणजे "आतां वेळ नाहीं" असें म्हणूं नये. सांगणारें माणूस आहे, तोंवरच ती वही भरावयाची.