दिवे चालू, गिऱ्हाईक नाही

सप्टेंबर २०१८ मध्ये मांगखुट वादळ दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मकावचे सगळे कॅसिनो ३३ तास बंद राहिले. वादळापायी सगळी जुगारघरं एकाच वेळी बंद होण्याची तिथली ती पहिलीच वेळ. पुढं दीड वर्षही उलटलं नाही आणि ५ फेब्रुवारी २०२० ला सगळेच्या सगळे ४१ कॅसिनो पुन्हा बंद झाले. या वेळी पंधरा दिवसांसाठी.

मकावमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला २२ जानेवारीला. वुहानहून आलेली एक बाई. चिनी नववर्ष तीन दिवसांवर होतं. आपल्याकडच्या कापडवाल्याला दिवाळी जशी, तसा मकावला हा आठवडा. नेमक्या त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आटलं. हो याट सेंग यांना मकावचे प्रमुख होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. कॅसिनो बंद करायचा निर्णय त्यांनी जाहीर केला, पण त्याआधी आणखी एक गोष्ट केली होती. दर दहा दिवसांनी माणशी दहा मास्क, आठ पटाकांत (पटाका हे मकावचं चलन). बाहेरून कामाला आलेल्या मजुरांनाही त्याच दरात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या तीन वर्षांत स्थानिक आणि परका यांना एका रांगेत उभं करणारे निर्णय थोडेच झाले.

मकाव म्हणजे सुमारे ३३ चौरस किलोमीटर जमीन आणि पावणेसात-सात लाख माणसं. पोर्तुगीजांच्या काळात, १८४४ पर्यंत, त्याचा कारभार गोव्यातून चाले. आज तो चीनचा विशेष प्रदेश आहे आणि चीनच्या हद्दीत कायदेशीर कॅसिनो असलेलं एकमेव ठिकाण. स्टॅन्ले हो यांच्या कंपनीकडे १९६२ पासून जुगाराची मक्तेदारी होती. २००२ मध्ये ती मोडली, अमेरिकन कंपन्या आल्या, ताइपा आणि कोलोआन या बेटांमधला समुद्र भरून काढलेल्या कोताईच्या जमिनीवर कालवे आणि गोंडोला असलेलं नकली व्हेनिस उभं राहिलं. २०१९ मध्ये इथं ३ कोटी ९४ लाख पाहुणे आले आणि कॅसिनोंनी २९,२४६ कोटी पटाका कमावले. कर आणि वरची देणी धरून त्यातले चाळीसच्या जवळपास टक्के सरकारला. सरकारी तिजोरीत येणाऱ्या रुपयातले ऐंशीएक पैसे जुगाराचेच. इतकं सगळं एका खुंटीला टांगलेलं दुसरं गाव जगात शोधून सापडायचं नाही.

२० फेब्रुवारीला दारं उघडली. टेबलं थोडी, खुर्च्या एकाआड एक, दारात तापमापक. बॅकरा हा मकावचा जीव. हा खेळ गर्दीचा: एक खेळतो आणि चार जण पाठीमागं उभे राहून श्वास रोखून पत्ता उलटायची वाट बघतात. ती गर्दीच आता मना होती. पण खरी अडचण आत नव्हती, सीमेवर होती. हाँगकाँगच्या फेऱ्या थांबल्या, मार्चमध्ये परदेशी पाहुण्यांना बंदी आली, चीनने व्हिसा देणं थांबवलं. जून २०२० ची कमाई ७१ कोटी ६० लाख पटाका, आदल्या जूनपेक्षा ९७ टक्के कमी. दारं उघडी, दिवे चालू, डीलर पत्ते पिसून बसलेले, आणि समोर कुणी नाही.

अशा वेळी तीन हजार खोल्यांचं हॉटेल चालवणं म्हणजे काय, याचा विचार करावा. लिफ्ट, वातानुकूलन, सुरक्षा आणि पाण्याच्या टाक्या चालूच ठेवाव्या लागतात, कारण इमारत एकदा थंड पडली की पुन्हा उभी करणं जास्त महाग. २०१९ मध्ये मकावच्या हॉटेलांतल्या शंभरातल्या नव्वद खोल्या भरलेल्या असत, २०२० मध्ये तिसापेक्षा कमी. मग काही हॉटेलं विलगीकरणासाठी दिली गेली. काहींनी गावातल्याच लोकांना सवलतीत राहायला बोलावलं. ज्या चकचकीत खोल्यांत आपले शेजारी चादरी बदलतात, तिथं मकावची कुटुंबं शनिवार-रविवार पाहुणी म्हणून गेली. सरकारने स्थानिकांसाठी गावदर्शनाच्या सहलींना अनुदान दिलं, रहिवाशांना आधी ३,००० आणि मग ५,००० पटाकांची खरेदीची कार्डं दिली. सात लाखांचं गाव चार कोटी पाहुण्यांची जागा भरून काढू शकत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. तरी छोट्या खानावळी त्या कार्डांवर काही महिने तगल्या. तो पैसा मला वाया गेलेला वाटत नाही.

कंपन्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी बाहेरून वेडेपणाची वाटावी: बांधकाम थांबवलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत कोताईमध्ये लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याची प्रतिकृती घेऊन ‘लंडनर’चा पहिला भाग उघडला. जुलैत ‘ग्रँड लिस्बोआ पॅलेस’ उघडला. पाहुण्यांविना उद्घाटनं. यामागं हिशेब होता. सहाही कंपन्यांचे परवाने २०२२ मध्ये संपत होते आणि नवे परवाने देताना कोणी गावाला धरून राहिलं, कोणी हात झटकले, हे सरकार पाहणार होतं. म्हणूनच स्थानिक कामगारांना काढू नका, हा सरकारचा शब्द कंपन्यांनी बराचसा पाळला. डीलरची नोकरी मकावच्या रहिवाशालाच द्यायची हा तिथला जुना दंडक, त्यामुळे टेबलामागची माणसं टिकली. मात्र ‘स्वखुशीची’ बिनपगारी रजा वाढत गेली. ज्या रजेला नाही म्हणता येत नाही, तिला स्वखुशी हा शब्द लावणं मला खटकतं.

पण खरा भार पडला तो ब्लू कार्डवाल्यांवर. ब्लू कार्ड म्हणजे परक्या कामगाराचा परवाना. फिलिपिनो मोलकरणी, व्हिएतनामी सफाईवाल्या, नेपाळी पहारेकरी, चीनमधून आलेले गवंडी आणि स्वयंपाकी. २०१९ च्या अखेरीस ते १ लाख ९६ हजारांहून जास्त होते, २०२२ च्या अखेरीस सुमारे १ लाख ५२ हजार. मकावच्या बेकारीच्या आकड्यात ही चव्वेचाळीस हजार माणसं दिसत नाहीत, कारण नोकरी गेली की कार्ड जातं, आणि कार्ड गेलं की तो माणूस गावाच्या हिशेबातच उरत नाही. कित्येकांना परतायला विमानच नव्हतं. राहायची तात्पुरती परवानगी मिळाली, पण काम करायची नाही. खरेदीची कार्डंही त्यांना नव्हती. रहिवाशांची बेकारी साडेपाच टक्क्यांच्या आसपास थोपवून धरली, असं अभिमानानं सांगितलं जातं. ते खरं आहे. ती कशाच्या बळावर थोपली, हेही त्याच दमात सांगायला हवं.

लास वेगासने हा भार वेगळ्या रीतीने वाटला. त्याच्या नेवाडा राज्यात कॅसिनो १८ मार्च ते ४ जून २०२० असे ७८ दिवस बंद होते. एप्रिलमध्ये सगळ्या राज्याची जुगाराची कमाई ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मार्चच्या अखेरीस त्या शहरात एका निवाऱ्यात रुग्ण सापडला म्हणून बेघरांना मोकळ्या वाहनतळावर आखलेल्या चौकोनांत झोपवलं गेलं, आणि आसपास हॉटेलांच्या हजारो खोल्या रिकाम्या होत्या. कामगार सरळ घरी पाठवले गेले. पण तिथला पाहुणा कॅलिफोर्नियातून गाडी हाकत येऊ शकत होता, आणि तो आला. २०२१ मध्ये नेवाडाने कमाईचा उच्चांक गाठला.

आपल्या गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींचंही काहीसं असंच झालं. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली, म्हणजे धंदा पूर्णपणे बाहेरच्या पाहुण्यावर आला, आणि पुढच्याच महिन्यात तो पाहुणा थांबला. १ नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेनं बोटी उघडल्या, २०२१ मध्ये पुन्हा बंद झाल्या, सप्टेंबरात पुन्हा उघडल्या. देशातला प्रवासी होता म्हणून गोवा सावरला. मकावचा प्रवासी मात्र सीमेपलीकडे, आणि सीमेची किल्ली बीजिंगकडे.

त्याच किल्लीनं आणखी एक दार कायमचं बंद झालं. चीनमधून बडे खेळाडू आणणारे, त्यांना उधारी देणारे आणि ती वसूल करणारे जंकेट दलाल हा मकावचा जुना कणा. २०१३ मध्ये परवानाधारक दलाल २३५ होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यातल्या सर्वांत मोठ्या ‘सनसिटी’चे आल्विन चाऊ पकडले गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या वर्षी दलाल उरले ३६. पर्यटनच गोठलेलं होतं म्हणून ही शस्त्रक्रिया गावाला सोसली. गर्दीच्या दिवसांत ती झाली असती असं मला वाटत नाही.

सर्वांत वाईट महिना पहिल्या रुग्णानंतर अडीच वर्षांनी आला. जून २०२२ मध्ये साथ पुन्हा फुटली. ५ जुलैला ‘ग्रँड लिस्बोआ’ आतल्या पाचशेहून अधिक माणसांसकट सील झालं. ११ जुलैपासून सगळे कॅसिनो बारा दिवस बंद. त्या महिन्याची कमाई ३९ कोटी ८० लाख पटाका. त्याच महिन्यात ‘लास वेगास सँड्स’ने आपल्या मकावच्या कंपनीला १ अब्ज डॉलर कर्ज दिलं. ज्या कंपनीच्या नावात लास वेगास आहे, तिनं वेगासमधली मालमत्ता काही महिन्यांपूर्वीच विकून टाकली होती आणि मकाव मात्र सोडलं नव्हतं.

डिसेंबरात सहाही जुन्या कंपन्यांना दहा वर्षांचे परवाने मिळाले. बदल्यात ११,८८० कोटी पटाका गुंतवायचं वचन, त्यातले १०,८७० कोटी जुगाराबाहेरच्या गोष्टींवर आणि परदेशी पाहुणे आणण्यावर: गाण्याचे कार्यक्रम, प्रदर्शनं, खेळ. ८ जानेवारी २०२३ ला सीमेचे निर्बंध उठले. त्या वर्षी २ कोटी ८२ लाख पाहुणे आले, २०२४ मध्ये जवळपास साडेतीन कोटी. कमाई २२,६७८ कोटी पटाकांवर गेली. पूर्वी निम्मी कमाई बड्या खेळाडूंची असे, आता ती पावभर. बाकी सगळी साध्या टेबलांवरच्या गर्दीची.

मात्र २०२२ च्या कायद्यात एक कलम होतं. मोठ्या कंपनीच्या परवान्यावर, पण दुसऱ्याच मालकाच्या इमारतीत चालणाऱ्या छोट्या कॅसिनोंना ही व्यवस्था संपवायला तीन वर्षांची मुदत दिली होती. २०२५ मध्ये उरलेल्या अशा अकरा ठिकाणांत ५,६०० च्या आसपास माणसं कामाला होती. मुदत २०२५ च्या अखेरीस संपली. यातले बरेच कॅसिनो जुन्या मकावात, बंदराजवळच्या वस्तीत होते. पुढं सावकारांची दुकानं, काचेमागं घड्याळं आणि अंगठ्या, मधे नूडल्सची खानावळ, वर भाड्याच्या खोल्या. कोताईतल्या मनोऱ्याला साथीतही कर्ज मिळालं. या गल्लीतल्या खानावळीला त्या वेळी मिळाली ती शेजाऱ्यांच्या हातातली खरेदीची कार्डं, आणि आता तिच्या समोरचं दारही बंद आहे.