शिंकांचा आळ मोहरावर

बीड जिल्ह्यात केशर आंब्याला मोहर आला की शिंका आणि डोळ्यांची खाज यांचा आळ त्याच्यावर येतो. तो बहुतेकदा खोटा असतो. आंब्याचे पराग चिकट. ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, माश्या आणि किडेच त्यांची ने-आण करतात.

त्याच कुळातल्या पिस्त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या फुलाला पाकळ्या नाहीत, मधही नाही, त्यामुळे किडे फिरकत नाहीत. नर आणि मादी झाडं वेगळी. इराण, कॅलिफोर्नियातल्या बागांत अनेक मादी झाडांमागे एखादा नर लावतात आणि बाकीचं वाऱ्यावर सोडतात. वाऱ्याच्या भरवशावर जगणारं झाड पराग ढिगानं सोडतं, म्हणून पिस्त्याच्या मुलखात बहराच्या दिवसांत नाकं वाहतात. आपल्याकडे ही भीती नाही. पिस्त्याला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते, ती बालाघाटच्या डोंगरातही मिळत नाही.

आपल्याकडे हे कुळ त्रास देतं ते परागांनी नव्हे. बिब्बा उतला की कातडीवर फोड येतात, आंब्याच्या चिकानं ओठ सोलतात. काजू आणि पिस्त्यातली प्रथिनं तर इतकी सारखी की एकाची अॅलर्जी असलेल्याला अनेकदा दुसराही चालत नाही. मुलाला काजूकतलीनं गांधी उठल्या असतील, तर पिस्ता बर्फीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मग शिंका कशाच्या? ज्या फुलांकडे कुणी बघत नाही, त्यांच्या. पावसाळ्यात बाजरी फुलोऱ्यात येते. कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर नंतर, त्यामुळे बाजरीला शेजारच्या ताटाचे पराग वाऱ्यानं मिळावे लागतात. हरळी आणि इतर गवतंही वाऱ्याचीच. आणि सगळ्यांत खोडसाळ ते गाजरगवत. पुण्यातली त्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली. आज मराठवाड्यातला बांध, रस्त्याची कड, शाळेचं मैदान, काही सुटलेलं नाही. पराग नाकाला, पानं कातडीला, असा त्याचा दुहेरी मार. एका झाडाला हजारो बिया धरतात. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे 1984 पासून भारतात सोडले गेले, पण तेही पुरे पडत नाहीत.

तेव्हा मोहराला दोष देण्याआधी बांधावर बघा. गाजरगवत पांढरं फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगभर कपडे आणि तोंडाला रुमाल ठेवा. दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठा, आणि त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाच्या फुलोऱ्यात वाढतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.