निष्ठा दाविदाशी, घराण्याशी नव्हे

दाविद राजाचा नातू, शलमोनाचा मुलगा रहबाम राजा व्हायला शखेमला गेला आणि इस्राएलाचे उत्तरेकडचे वंश त्याला सोडून यराबाम नावाच्या पुढाऱ्यामागे गेले. इ.स.पू. 930 च्या सुमाराची ही घटना बंड म्हणून सांगितली जाते. बायबलमधली शमुवेलाची पुस्तके आधी वाचली, तर ते बंड वाटत नाही; दाविदाशी झालेला करार नव्या राजाशी करायला दिलेला तो नकार होता. दक्षिणेच्या यहूदा वंशाने दाविदाला आपला माणूस म्हणून हेब्रोनात राजा केले. उत्तरेचे वडीलधारे साडेसात वर्षांनी आले. आधीचा राजा शौल याचा सेनापती अबनेर शौलाची उपपत्नी रिस्पा हिच्यावरून शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याच्याशी बिनसल्यावर दाविदाकडे वळला, त्याने या वडीलधाऱ्यांची मने आधी चाचपली होती. शिवाय दाविदाने करार केल्यावरच त्यांनी त्याला अभिषेक केला. पुढे दाविदाचा मुलगा अबशालोम याने वेशीवर उभे राहून, गाऱ्हाणी ऐकून घेत हीच उत्तरेची माणसे फोडली. तो मारला गेल्यावर राजाला परत आणण्याचा मान कोणाचा, यावर जुंपली: यहूदाने नाते पुढे केले, उत्तरेच्या इस्राएलाने राजातले आपले दहा वाटे. त्याच भांडणात बन्यामीन वंशातल्या शबाने दाविदात आपला वाटा नसल्याची आरोळी ठोकली, आणि तीच शखेमला जवळजवळ शब्दशः पुन्हा ऐकू येते.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथ तर फाटाफुटीचा दोष शलमोनाच्या परक्या दैवतांना देतो. अहीया संदेष्ट्याने झगा फाडून यराबामाला दहा तुकडे दिले होते. खरे आहे, पण शखेमच्या सभेत दैवतांचे नावही कोणी काढत नाही. मागणी एकच, बापाने लादलेले जू हलके कर. दरबाराच्या रसदीसाठी शलमोनाने बारा अंमलदार नेमले होते, दर महिन्याला एक. मूळ हिब्रू यादीत यहूदाचे नाव स्पष्टपणे येत नाही, म्हणजे भार उत्तरेवरच पडल्यासारखा दिसतो. वेठीबद्दल तर ग्रंथच अडखळतो: राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सर्व इस्राएलातून 30,000 माणसे वेठीला धरली जातात, नवव्यात इस्राएलांना दास केले नाही अशी सारवासारव येते. रहबामाने मागणी उद्दामपणे झिडकारली, आणि बोलणी फिसकटल्यावर त्याने पाठवला तो नेमका वेठीवरचा अधिकारी अदोराम. लोकांनी त्याला दगडांनी ठेचले.

दुसरी शंका पुरातत्त्वाची. उत्तर इस्राएलातल्या तेल दान इथे 1993 मध्ये सापडलेल्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या शिलालेखात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावरून घराणे सिद्ध होते, विशाल राज्य नव्हे. मान्य. तरीही यहूदाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी दाविदाच्या नातवाचा उद्दामपणा आणि उत्तरेची रास्त तक्रार मुद्दाम रचली असेल, हे पटत नाही. शिवाय उत्तरेने पुढे स्वतःच्या राजघराण्यांनाही हाच न्याय लावला. यराबामाच्या मुलाला दुसऱ्याच वर्षी बाशाने मारले. इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती पडेपर्यंत तिथे 19 राजे झाले, तेही अनेक घराण्यांचे. यहूदात राणी अथल्येची काही वर्षे वगळता इ.स.पू. 586 पर्यंत दाविदाचेच वंशज गादीवर होते.