गोळी, ठोकळा आणि प्रतिरोध

बंगळूरच्या जे. पी. नगरात आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. त्यांचा पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षात शिकणारा मुलगा परवा एक उदाहरण घेऊन आला. दोरीने टांगलेल्या ९९० ग्रॅमच्या लाकडी ठोकळ्यात १० ग्रॅमची गोळी रुतून बसते आणि दोन्ही मिळून ५ सेंटिमीटर वर चढतात; तर गोळीचा वेग किती? गुरुत्वीय त्वरण १० धरावयाचे होते. मुलाने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावला व उत्तर काढले, सेकंदाला १० मीटर. पुस्तकात होते १००. "काकू, छापताना एक शून्य जास्त पडलं असेल का?"

छपाई निर्दोष होती. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तर रिक्षाही तेवढी धावते!

हे उदाहरण केवळ परीक्षेसाठी रचलेले नव्हे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अशाच लंबकाचे वर्णन केले. गोळीचा वेग मोजू शकेल असे घड्याळ त्या काळी नव्हते. म्हणून त्याने गोळी जड लंबकात रुतविली आणि लंबकाचा संथ झोका मोजला.

येथे एकामागून एक अशा दोन घटना घडतात. गोळी रुतण्याचा काळ इतका अल्प असतो की तेवढ्यात ठोकळा जागचा हललेला नसतो; आडव्या दिशेने बाहेरचे कोणतेही बल त्यावर लागत नाही. म्हणून संवेग कायम राहतो. गतिज ऊर्जा मात्र टिकत नाही, कारण लाकूड फाटते व तापते. त्यानंतरच्या चढणीस ऊर्जेचा नियम निःशंकपणे लावावा. आता उलट्या क्रमाने पाहू. ५ सेंटिमीटर चढण्यास आरंभी सेकंदाला १ मीटर वेग हवा. तेव्हा हलणारे वस्तुमान १ किलोग्रॅम आहे. गोळीचे त्याच्या शंभरावा हिस्सा. अर्थात तिचा वेग शंभरपट.

गोळीजवळ ५० ज्यूल ऊर्जा होती, झोक्याला मिळाली अवघी अर्धा ज्यूल. उरलेली ४९.५ ज्यूल लाकडाच्या प्रतिरोधाने गिळली. गोळी ५ सेंटिमीटर आत शिरली असे मानल्यास हा प्रतिरोध सरासरी ९९० न्यूटन ठरतो, म्हणजे ९९ किलोग्रॅमच्या भाराइतका. मुलाने हा गुणाकार दोनदा करून पाहिला.

रॉबिन्सने पुढे लंबक बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवला, आणि वाटेत हवाच गोळीचा वेग किती घटविते हे मोजले. पुष्कळांनी नगण्य मानलेला हवेचा प्रतिरोध गोळीच्या वजनाच्या कितीतरी पट निघाला. ऑयलरने १७४५ मध्ये हा ग्रंथ जर्मन भाषेत आणला, तोही मूळ ग्रंथाहून विस्तृत टीपा जोडून. आम्हा अनुवादकांना एवढी मुभा कोण देणार? रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.