कोलारच्या खाणकामगारांचे घरगुती दफ्तर

कर्नाटकातील ‘कोलार गोल्ड फील्ड्स’, म्हणजेच केजीएफ, हे गाव ज्या सोन्याच्या खाणींमुळे वसले, त्या २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांच्या काळात तेथून सुमारे ८०० टन सोने निघाले आणि ते बाहेर गेले. गावात व गावातून पांगलेल्या घरांत उरले ते हजेरीचे बिल्ले, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, लग्नाची छायाचित्रे, पाककृतींच्या वह्या आणि पुष्कळशा आठवणी. या वस्तूंकडे हळव्या स्मरणिका म्हणून पाहिले जाते, परंतु खाणीच्या सामाजिक इतिहासाची त्या अस्सल साधने आहेत, आणि कोणाच्या घरात काय उरले यावरूनच त्या गावाची उतरंड स्पष्ट होते.

१८८० साली लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने येथे पाय रोवल्यानंतर, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील कथलाच्या खाणींत मुरलेले अनुभवी लोक देखरेखीसाठी आले, मधल्या जागांवर अँग्लो-इंडियन आले, आणि प्रत्यक्ष खडक फोडण्यासाठी प्रामुख्याने उत्तर अर्काट व चित्तूर भागांतील तमीळ व तेलुगू मजूर आले, ज्यांत भूमिहीन दलितांची संख्या मोठी होती. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील वीज सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून या खाणींपर्यंत आणण्यात आली. बंगळूर शहरात वीज आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. वरच्या अधिकाऱ्यांना बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान, तर मजुरांना ‘लाइन’ म्हणजे एकाला एक लागून असलेल्या ठेंगण्या खोल्यांच्या रांगा, अशी गावाची मांडणी होती.

कुटुंबाचा वंशवृत्तान्त शोधू पाहणाऱ्याला ही मांडणी दफ्तरांतही भेटते. ब्रिटिश अमलाखालील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला इलाखावार लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत असल्यामुळे ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबाला पणजोबांच्या लग्नाची तारीख, वय आणि हुद्दा हे सारे तेथे सापडण्याची शक्यता असते. तमीळ मजुराच्या पणतूला अशी सोय क्वचितच मिळते, कारण कंपनीच्या लेखी त्याचा पूर्वज म्हणजे एक क्रमांक आणि एक ठसा होता. सोन्याच्या चोरीच्या धास्तीने येथे कामगारांवर कडक पाळत असे. १९३० मध्ये अंगठ्याच्या ठशांसह नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो कामगारांनी संप केला होता. ज्या नोंदणीला त्या पिढीने अपमान मानले, तसल्याच नोंदणीतून आजच्या पिढीला पूर्वजाचे नाव हाती लागू शकते, हा या इतिहासातील विचित्र व्यवहार आहे.

घरगुती कागदांत सर्वांत बोलका कागद बहुधा वैद्यकीय असतो. खडकात भोके पाडताना उडणारी गारेची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसे कडक होत जातात, या विकाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. १९४० ते १९४६ या काळात येथे तपासलेल्या ७,६५३ कामगारांपैकी ४३.७ टक्क्यांना तो जडल्याचे आढळले होते. ‘आजोबांना दमा होता’ असे एखाद्या घरात सांगितले जात असेल आणि ट्रंकेत नुकसानभरपाईचा किंवा छातीच्या क्ष-किरण तपासणीचा कागद असेल, तर त्या दोहोंच्या ताळमेळातून मृत्यूचे खरे कारण कळू शकते. स्मृती आणि कागद एकमेकांशी ताडून पाहणे, हेच कौटुंबिक इतिहासाच्या पद्धतीचे मर्म आहे.

तरीही कागद ज्या गोष्टी टिपत नाहीत, त्या आठवणींनाच विचाराव्या लागतात. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती. इतक्या खोलीवर दाबाखालचा खडक अचानक फुटतो, त्याला खडकस्फोट म्हणतात, आणि मोठ्या स्फोटाचा हादरा वर जमिनीवरही जाणवत असे. अधिकृत अहवालात अशा घटनेची वेळ आणि मृतांची संख्या येते; घरातले माणूस पाळीवरून परत येईपर्यंतचे तास मात्र बायकांच्या तोंडी कथनातच सापडतात. याच खोलीचा उपयोग करून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण टिपले. विज्ञानाच्या इतिहासात त्या शोधाची रीतसर नोंद आहे. ते शास्त्रज्ञ ज्या खाणीत उतरले ती खोदणारे हात मात्र त्यात निनावीच राहिले आहेत.

अँग्लो-इंडियन कुटुंबांनी आपल्या आठवणी लिहून ठेवण्यात आघाडी घेतली असून ब्रिजेट व्हाइट-कुमार यांची केजीएफवरील आणि तेथील खाद्यपरंपरेवरील पुस्तके त्याचे ठळक उदाहरण आहेत. या लेखनात नाताळचे नाच, केक आणि बंगल्यांच्या बागा यांना मोठी जागा मिळणे स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावरून गावाचे चित्र रंगवल्यास ते एकांगी ठरते. मजुरांच्या बाजूला विसाव्या शतकाच्या आरंभी केजीएफमधील मारिकुप्पम येथे तमीळ दलित विचारवंत अयोथी दास यांच्या प्रेरणेने रुजलेली तमीळ बौद्ध चळवळ होती, आणि तिच्या पुस्तिका व पत्रके एखाद्या लाइनीतल्या पेटीत सापडली, तर चांदीच्या चहाच्या सेटपेक्षा त्यांचे मोल जास्त मानावे लागेल. २०१८ च्या गाजलेल्या चित्रपटाने केजीएफ हे नाव घरोघर पोहोचवले खरे, परंतु त्यातील कथेचा या कुटुंबांच्या जगण्याशी फारसा संबंध नाही.

अशा ऐवजाची जपणूक खर्चिक नसते. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, नाती, ठिकाण आणि अंदाजे साल लिहिणे, वस्तू कोणाकडून कोणाकडे आली हे नोंदवणे, आणि वृद्धांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करणे, एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. यांतले शेवटचे काम मात्र लांबणीवर टाकता येणार नाही, कारण खाणी बंद होताना तिशीत असलेले कामगारही आज पन्नाशीच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांच्यामागे खाणीत उतरलेली दुसरी पिढी नाही.