फाटक्या आवाजाचे रफू

गावच्या जत्रेत कर्ण्यावर कोणीतरी घोषणा करीत असतो. बोलणारा जोशात येतो, माईक अगदी ओठांना लावतो आणि त्याच क्षणी आवाज खरखरून फुटतो. आपण सहज म्हणून जातो, "आवाज फाटला." आपल्या भाषेने हा शब्द फार नेमका निवडला आहे, हे मला अलीकडे कळले. ध्वनिमुद्रणातला आवाज खरोखरच फाटतो, आणि तो सांधणाऱ्या संगणकीय प्रणालीही आता निघाल्या आहेत. त्यांच्याविषयी या लेखात थोडी माहिती द्यावी असा विचार आहे. मी कला शाखेची, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. गणिताचा व माझा संबंध दहावीलाच सुटला. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

या भानगडीत मी पडले ती आजीमुळे. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी तिच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे ठरले. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे वर्गात ऐकले होते. मला दहा-बाराच पुरेशा होत्या. जाते अडगळीतून काढले, आजीने त्यात मूठभर बाजरी घातली आणि मी मोबाइल तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. जितके जवळ तितके स्पष्ट, हे माझे शास्त्र! चार मिनिटांत अकरा ओव्या झाल्या. मी त्या घाईघाईने उतरवून घेतल्या, प्रकल्प सादर केला आणि विसरून गेले.

२०२५ च्या उन्हाळ्यात आजी गेली. तेराव्यानंतर वडील म्हणाले, "ते लाव बघू." लावले. संथ ओळी ठीक होत्या. पण भावाची आठवण आली की आजी सूर चढवायची, आणि दर वेळी तिथेच तिचा आवाज कर्ण्यासारखा फाटत होता. वडील उठून बाहेर गेले. आजीला लिहिता येत नव्हते. तिचे पत्र नाही, सही नाही. कागदावर आहेत ते नुसते अंगठे. म्हणजे ही चार मिनिटेच काय ती उरलेली, आणि ती मी बिघडवलेली.

आता हे फाटणे म्हणजे काय ते पाहू. आवाज म्हणजे हवेची कंपने. मोबाइल त्या कंपनांची उंची मोजून आकड्यांत लिहून ठेवतो. सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा, काही फोनमध्ये ४८,००० वेळा. या प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. नेहमीच्या सोळा बिटांच्या मुद्रणात वरच्या बाजूला ३२,७६७ आणि खालच्या बाजूला उणे ३२,७६८ ही मोजपट्टीची टोके. आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर उंचीच्या खुणा पाच फुटांपर्यंतच होत्या. त्या भिंतीशी सहा फुटी माणूस उभा केला तरी नोंद पाच फूटच झाली असती! तसेच इथे होते. लाट मोजपट्टीबाहेर गेली की यंत्र ३२,७६७ हाच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत राहते. लाटेचा गोल माथा कापला जाऊन सपाट होतो आणि कापलेल्या कडांमुळे मुळात नव्हते असे कर्कश उपस्वर त्यात शिरतात. तीच ती खरखर.

चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर 'ऑडॅसिटी' ही प्रणाली होती. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचे काम सुरू झाले. ती कोणालाही फुकट मिळते. तिच्यात आवाजाची लाट पडद्यावर दिसते आणि जिथे माथे कापले गेले असतील तिथे लाल रेघा उमटविता येतात. आजीच्या चढ्या सुरांवर तांबड्या रेघांचे रानच माजले होते.

तिच्यातली 'क्लिप फिक्स' नावाची सोय हे माथे पुन्हा उभारते. डोंगराचे शिखर ढगात असले तरी दोन्ही उतारांवरून आपण त्याच्या उंचीचा अंदाज बांधतो. ही सोयही सपाट जागेच्या दोन्ही बाजूंचे शाबूत नमुने घेऊन त्यांच्यामधून एक वक्ररेषा काढते. पण नवा माथा मोजपट्टीच्या वर जाणार, त्याला जागा कुठे? म्हणून आधी सगळे मुद्रणच हळू करावे लागते. ऑडॅसिटी आपणहून ९ डेसिबल कमी करते, म्हणजे लाटेची उंची सुमारे एकतृतीयांश उरते. आवाज एकदम बारीक झाल्यावर मी घाबरले होते; तो दोष नसून ती डोके वर काढण्यापुरती मोकळी केलेली जागा असते.

याहून कसबी रीत म्हणजे खरे रफू. आमच्या तालुक्याच्या गावी एक रफूवाले चाचा होते. ते कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढीत आणि भोक विणून भरीत. बाहेरचा दोरा वापरला तर ते ठिगळ, असे त्यांचे म्हणणे. गाण्यातला सूर सेकंदाला शेकडो वेळा जवळजवळ तशीच लाट काढतो, त्यामुळे शेजारच्या लाटा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. आधीच्या व नंतरच्या नमुन्यांचे परस्परांशी नाते गणिताने शोधायचे आणि त्या नात्यावरून हरवलेले नमुने भरायचे, अशी एक पद्धत नेदरलँड्समधील यान्सन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडली. पुढे या कल्पनेवर पुष्कळ काम झाले. २००७ साली बाजारात आलेली आयझोटोप कंपनीची 'आरएक्स' ही विकतची प्रणाली चित्रपटांच्या ध्वनिसंस्करणात वापरली जाते. ती आमच्या ऐपतीबाहेरची, म्हणून तिच्याबद्दल अधिक बोलत नाही.

एक गोष्ट मात्र कोणतीही प्रणाली करू शकत नाही. कापला गेलेला माथा कुठेही साठवलेला नसतो. तो परत मिळत नाही, त्याच्या जागी अंदाज बसतो. मी कागदावर हिशेब केला. समजा, आजीच्या चढ्या सुरात सेकंदाला ३०० कंपने आहेत. प्रत्येक लाटेचा वरचा व खालचा असे दोन माथे कापले गेले, तर सेकंदाला ६०० अंदाज! एका लाटेत १४७ नमुने. त्यांतले दहा-बारा हरवले तर अंदाज सहसा जमतो, चाळीस हरवले तर ती निव्वळ कल्पनाशक्ती. शिवाय मुद्रण एकमेकांना पाठवताना आकसले असेल, तर सपाट माथे किंचित वेडेवाकडे होतात आणि प्रणालीला ते ओळखताच येत नाहीत. म्हणून मूळ फोनमधलीच प्रत घ्यावी.

पहिल्या प्रयत्नात मी उत्साहाच्या भरात फार पुढे गेले. किती उंचीवरचे माथे फाटलेले समजायचे ती मर्यादा आपण ठरवायची असते. ती नेहमी ९५ टक्के असते. मी ७० वर आणली. त्यामुळे धडधाकट माथेही नव्याने काढले गेले. वर गोंगाट घालवण्याची सोय वापरली. ओवी सुरू होण्यापूर्वीची नुसती घरघर "हा गोंगाट" म्हणून दाखवली आणि प्रणालीने ती इमानेइतबारे सगळीकडून पुसून टाकली. मोठ्या अभिमानाने आईला ऐकवले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आवाज आत्यांचाच हाय गं. पर त्या एवढ्या गोड कधी म्हनत नव्हत्या. आन् जातं कुठं गेलं?"

आजीचा आवाज मुळातच घोगरा होता. तो घोगरेपणा आणि मी फोन जवळ धरल्याने आलेली खरखर यांतला भेद आईच्या कानाला कळला. प्रणालीला तो कळण्याचे काही कारणच नव्हते. जात्याच्या फेऱ्यावर तर ओवीची लय उभी असते, आणि मी तिला गोंगाट ठरवले होते! मर्यादा पुन्हा ९५ वर नेली, घरघर राहू दिली आणि नुसत्या लाल रेघांच्या जागाच सांधल्या. खरखर पुष्कळ कमी झाली, सगळी गेली नाही. चौथ्या ओवीत एके ठिकाणी माथे इतके रुंद कापले आहेत, की तिथे काढलेली वक्ररेषा कानाला परकी लागते. तेवढा तुकडा मी मूळच्या मुद्रणातलाच ठेवला.

आता दोन प्रती आहेत. मूळ प्रतीला हात लावलेला नाही. दुसरीच्या नावातच 'दुरुस्त केलेली' असे लिहिले आहे. दोन्ही विभागाच्या संगणकावर ठेवल्या आहेत. यंदा प्रकल्पासाठी गावोगाव जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगते, की फोन हातभर लांब ठेवा, आणि गाणाऱ्या बाईला आधी सर्वांत चढा सूर लावायला सांगून मोजपट्टी टोकाला टेकते का ते पाहून घ्या. वडील संध्याकाळी कधीकधी दुसरी प्रत लावतात. आई मागते ती पहिली.