वरातीतला जपान

लग्नसराईत यवतमाळच्या दत्त चौकातून वरात निघाली की धुमाल या ढोलपथकाचा दणका आधी छातीत बसतो, मग कानात शिरतो. त्या दणक्याच्या वर एक तारेचा सूर तरंगत असतो. किंचित नाकातला, पातळ, चिरत जाणारा. तो बेंजो. लहानपणापासून मी तो ऐकत आलो, पण त्याचं माहेर जपानमधलं नागोया आहे हे कळलं तेव्हा थक्कच झालो.

१९१२ साली जपानात ताइशो युग सुरू झालं. त्याच वर्षी नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांची युक्ती तारवाद्याला लावली आणि ‘ताइशोगोतो’ जन्माला आलं. आपल्याकडे ते आधी बुलबुल तरंग झालं, मग बेंजो. एकदा वरात थांबली असताना मी वादकाच्या अगदी शेजारी जाऊन पाहिलं. डाव्या हाताची बोटं गोल बटणांवर टपटप पडत होती. बटण दाबलं की खालची पट्टी तारेला टेकते आणि तारेची लांबी ठरते. उजव्या हातातली नखी झरझर चालू होती. तारांखालच्या पिकअपमधून निघालेली वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जात होती. आवाज फाटला की त्याला जी धार येते, तीच लोकांना नाचवते.

बेंजो एकटा नाही. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड जपानच्या रोलँड कंपनीचा, पहिला आला १९८५ साली. त्याच्या आठ रबरी चौकोनांवर काठी पडली की खालचा सेन्सर आघाताचा जोर मोजतो आणि तेवढ्या जोराचा ढोल, टाळी किंवा घुंगरू वाजवतो. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपण त्याला ‘कॅसिओ’च म्हणतो. तेही नाव जपानीच.

मग जपानी माणसांनी स्वतः या यंत्रांवर काय वाजवलं, हे शोधायला लागलो आणि संगीतकार हारुओमी होसोनो भेटले. ते चित्रकार तादानोरी योकोओ यांच्याबरोबर भारतात फिरून गेले आणि १९७८ साली ‘कोचीन मून’ हा अल्बम केला. त्यात सिंथेसायझरमधून किड्यांची किरकिर, पाण्याची बुडबुड, दमट रात्र ऐकू येते. आपला देश परक्याच्या तापलेल्या डोक्यात कसा घुमला असेल, ते त्या रेकॉर्डमध्ये आहे. त्याच वर्षी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांनी ‘येलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ हा बँड काढला. त्यांच्या १९८१च्या ‘बीजीएम’ या अल्बममध्ये रोलँडचं टीआर-८०८ हे तालयंत्र वाजतं.

आणि पुढच्याच वर्षी, १९८२ला, तेच यंत्र मुंबईत वाजलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी त्याच्या ठेक्यावर भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग बसवून रेकॉर्ड काढली. सोबत होतं रोलँडचंच टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं हे छोटं खोकं. त्यात ‘स्लाइड’ची सोय आहे, ती लावली की एक सूर तुटत नाही, घसरत पुढच्या सुरात जातो. आपण याला मींड म्हणतो! गिटारवाल्यांनी ते खोकं नाकारलं, १९८४ला त्याचं उत्पादन बंद पडलं आणि १९८७ला शिकागोच्या तरुणांनी त्यातूनच ‘अ‍ॅसिड हाऊस’ हे नृत्यसंगीत घडवलं. चरणजित सिंगांची ती रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हा आवाज वाजून गेला होता. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले.

जपानी इलेक्ट्रॉनिक संगीत कुठून ऐकायला लागावं, असं कुणी विचारलं तर मी हाच क्रम सांगतो. रात्री दिवा मालवून आधी ‘कोचीन मून’, लगेच चरणजित सिंगांचा मालकंस. आणि पुढच्या वेळी वरात दारावरून गेली की खिडकी लावून घेऊ नका. खाली उतरा आणि बेंजोवाल्याच्या डाव्या हाताजवळ जाऊन उभे राहा.